नाशिकच्या डोंगरावरचं 'रानसूर्यफूल' नेमकं कोणतं? पिवळं फूल नीट ओळखायची पद्धत, एकेक पायरीने

सप्टेंबर लागला की त्र्यंबक, अंजनेरी, हरिहर, इगतपुरी फिरून आलेल्यांच्या फोनमध्ये पिवळ्या फुलाचा एक तरी फोटो असतोच. तो ग्रुपवर पडला की खाली प्रश्न येतो, "हे रानसूर्यफूल का?" मग कोणी सोनकी म्हणतं, कोणी खुरासणी, कोणी ॲपने सुचवलेलं एखादं लांबलचक लॅटिन नाव टाकतं आणि बहुतेक वेळा त्या फोटोवरून यातलं काहीच ठरवता येत नाही, कारण फोटो समोरून काढलेला असतो. सूर्यफुलाच्या कुळातली पिवळी फुलं समोरून जवळपास सारखीच दिसतात. त्यांची ओळख फुलाच्या मागे असते, आत असते आणि बीमध्ये असते.

एक गोष्ट आधीच पक्की करा, अर्धा गोंधळ तिथेच जाईल. खरं सूर्यफूल म्हणजे हेलिॲन्थस. या वंशात साधारण ५० जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या. सह्याद्रीत मूळची एकही नाही. म्हणजे आपल्याकडे माळावर, बांधावर, रस्त्याकडेला जे पिवळं दिसतं ते सूर्यफुलाच्या कुळातलं दुसरं काहीतरी असतं, नाहीतर शेतातून सांडलेल्या बीचं नेहमीचं सूर्यफूल असतं. "रानसूर्यफूल" या एका नावाखाली आपल्या भागात निदान पाच-सहा वेगवेगळ्या वनस्पती खपतात.

खालचा क्रम मोडू नका. लोक आधी फूल तोडतात आणि घरी आल्यावर विचारतात, पानं समोरासमोर होती की एकाआड एक. तेव्हा ते कोणालाच आठवत नसतं.

## पायरी १: जायच्या आधीची तयारी

वेळ आधी ठरवा, कारण त्यावरच अर्धी यादी गळते. सोनकी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे गणपतीच्या आसपास भरात असते. खुरासणी, म्हणजे कारळ्याचं पीक, सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत, सुरगाणा-पेठच्या वरकस जमिनीवर दसऱ्याच्या सुमारास पिवळीधमक दिसते. टिथोनिया, म्हणजे मोठ्या फुलांचं माणसापेक्षा उंच होणारं झुडूप, पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरनंतर फुलतं. कंबरमोडी, म्हणजे आपला दगडीपाला, बारा महिने सापडतो, आणि सराव करायचा असेल तर त्याच्यावरच करा, डोंगरावर जायची गरज नाही, सोसायटीच्या पार्किंगच्या कडेला मिळेल.

दिवसातली वेळ सकाळची बरी, साधारण आठ ते अकरा. तेव्हा पराग ताजे असतात आणि फुलं सुकलेली नसतात.

सामान फार लागत नाही: १० पटीचं भिंग (सराफ वापरतात तसलं घडीचं चालतं), नवं ब्लेड, टोकदार चिमटा, एक शिवणाची सुई, छोटी पट्टी, काळ्या कागदाचा तुकडा, पेन्सिल आणि वही. पेन्सिलच घ्या, पावसात पेनाची शाई पसरते. फूल गोळा करायची परवानगी असेल तर जुनी वर्तमानपत्रं आणि दोन प्लायवूडचे तुकडेही घ्या.

थांबा: परवानगीचा विषय हलक्यात घेऊ नका. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथून काहीही उपटायचं किंवा तोडायचं तर वनखात्याची परवानगी हवी, आणि कुठल्याही वनजमिनीवर आधी विचारणं हाच नियम धरा. अशा ठिकाणी फक्त फोटो आणि नोंद करा, त्यावरून बरंच काम होतं. खुरासणी तर कोणाचं तरी उभं पीक असतं, शेतात बाई-माणूस दिसलं की "मावशी, एक फूल घेऊ का?" एवढं विचारलं की कोणी नाही म्हणत नाही, उलट त्या शेतातली सगळी माहिती मिळते.

दुसरी सूचना, तब्येतीची: याच कुळात गाजर गवत येतं आणि त्याने अनेकांना अंगावर पुरळ, खाज, शिंका असा त्रास होतो. तुम्हाला गाजर गवताची ॲलर्जी असेल तर या कुळातल्या बाकीच्या वनस्पती हाताळतानाही हातमोजे घाला. आणि काहीही चावून बघू नका. सोनकी ज्या वंशातली आहे त्या सेनेसिओ वंशात यकृताला घातक अशी द्रव्यं असतात.

## पायरी २: झाड उभं असताना, काहीही न तोडता

इथे पाच मिनिटं द्या. याच पायरीवर लोक सर्वात जास्त घाई करतात.

आधी उंची आणि बांधा. गुडघाभर, फांद्या करत जाणारं, टोकाला फुलांचे घोस, असं उघड्या डोंगरउतारावर असेल तर सोनकीचा संशय घ्या. कमरेएवढं किंवा त्याहून उंच, शेतात ओळीने किंवा बांधावर एकटंदुकटं असेल तर खुरासणी. माणसापेक्षा उंच, झुडूप झालेलं, खोड खाली लाकडासारखं कडक, तर टिथोनिया असण्याची शक्यता जास्त. जमिनीवर पसरत जाणारं, गाठी-गाठीला मुळं सोडणारं, बागेच्या कडेला दाट हिरवं, तर ते बहुधा वेडेलिया असतं, नर्सरीतून आलेलं.

मग पानं. खालची पानं वेगळी बघा आणि वरची वेगळी बघा, ही सर्वात महत्त्वाची गोष्ट. सूर्यफुलात खालची पानं समोरासमोर आणि वरची एकाआड एक असतात, खुरासणीत बहुतेक सगळी समोरासमोर पण अगदी वरची कधीकधी एकाआड एक होतात. म्हणजे नुसता शेंड्याचा फोटो काढला तर दोन्हीकडे "एकाआड एक" असंच उत्तर येईल आणि ते चुकीच्या दिशेने नेईल. सोनकीत मात्र खालपासून वरपर्यंत एकाआड एक. कॉसमॉस आणि कंबरमोडीत समोरासमोर.

पानाचा आकारही लिहून घ्या: अखंड आहे, दातेरी आहे, की खोल कापलेलं. टिथोनिया डायव्हर्सिफोलियाचं पान तीन ते पाच खोल भागांत कापलेलं असतं, पण फुलांजवळची पानं कापलेली नसतातही, म्हणून परत सांगतो, खालचं पान बघा. पान उलटून खालची बाजू बघा. राखाडी-पांढरी लव असेल, देठाच्या तळाशी कानासारखे पंख असतील आणि चुरगाळल्यावर वास नकोसा वाटला तर व्हर्बेसिना एनसेलिऑइडीस नावाचं तण असू शकतं, त्यालाही बरेच लोक जंगली सूर्यफूल म्हणतात.

फुलाच्या लगेच खाली देठ कसा आहे ते बोटाने हलकेच दाबून बघा. टिथोनियाचा देठ फुलाखाली फुगत जातो आणि आतून पोकळ असतो. ही खूण एकदा हाताला कळली की विसरत नाही.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "फुलांची तोंडं सूर्याकडे होती म्हणून सूर्यफूल" हे कारण धरू नका. सूर्याबरोबर फिरतं ते सूर्यफुलाचं कोवळं झाड, कळीच्या अवस्थेपर्यंतचं. पूर्ण उमललेली फुलं फिरायची थांबतात आणि पूर्वेकडे तोंड करून राहतात. उतारावरची सोनकी एकाच बाजूला कललेली दिसली म्हणून तिचं सूर्यफूल होत नाही.

तपासा: वहीत उंची, जागा (शेत, कातळ, उतार, रस्ताकड), खालची पानं, वरची पानं, पानाची खालची बाजू, वास, फुलाखालचा देठ, हे सगळं लिहून झालं का? झालं असेल तरच पुढे.

## पायरी ३: फोटो, पण योग्य ते

समोरचा फोटो शेवटी काढा. आधी पूर्ण झाड, मग खोडाचा खालचा भाग पानांसकट, मग वरचा भाग, मग पान दोन्ही बाजूंनी, मग फूल बाजूने, मग फूल मागून, आणि सगळं झाल्यावर समोरून. प्रत्येक जवळच्या फोटोत पट्टी ठेवा, कारण मॅक्रोमध्ये दोन सेंटिमीटरची सोनकी आणि १० सेंटिमीटरचं टिथोनिया एकाच आकाराचं दिसतं आणि समोरच्याला काही अंदाज येत नाही.

पिवळा रंग दुपारच्या उन्हात फोनमध्ये पांढरट होऊन जातो, पाकळीच्या टोकाचे दाते दिसेनासे होतात. स्वतःच्या सावलीत घेऊन काढा, किंवा एक्सपोजर खाली ओढा.

फुललेल्या फुलाबरोबरच एखादं जुनं, सुकलेलं फूलही शोधा. लोक सुकलेल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण बी तिथेच असते, आणि पुढच्या पायऱ्या बीवरच उभ्या आहेत.

## पायरी ४: 'पाकळी' उपटून बघा

आता फूल हातात. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं तर अनेक लहान फुलांचा गुच्छ आहे, पुस्तकात त्याला स्तबक म्हणतात. कडेने पाकळीसारखी दिसतात ती किरणफुलं, मध्ये नळीसारखी दाट बसलेली ती बिंबफुलं. म्हणून "आठ पाकळ्या, मध्ये खूप पुंकेसर" असं वर्णन केलं तर सुरुवातच चुकते, मधले ते पुंकेसर नाहीत, ती प्रत्येक स्वतंत्र फुलं आहेत.

पहिली परीक्षा, देठ मोडून पांढरा चीक येतो का बघा. चीक आला आणि मधल्या भागातही नळ्या नसून सगळ्या पट्ट्याच असतील तर तुम्ही पाथरीच्या गटात आहात, तिथे पट्टीच्या टोकाला पाच दाते असतात. त्या फुलांना हा लेख लागू नाही, थांबा. चीक नाही, मध्ये नळ्या आहेत आणि कडेच्या पट्टीला दोन-तीन दाते आहेत किंवा टोक जवळपास अखंड आहे, तर पुढे चला.

दुसरी परीक्षा थोडी नाजूक. कडेचं एक किरणफूल चिमट्याने तळापासून, न तुटता ओढून काढा. भिंगातून त्याच्या नळीच्या तोंडाशी बघा, दोन फाटे असलेली बारीक काडी दिसते का? ती किंजल, म्हणजे मादी भाग. दिसली तर ते किरणफूल मादी आहे आणि त्याच्या खाली बी धरू शकते: खुरासणी, सोनकी, कंबरमोडी या गटात. नसेल तर किरणफूल वांझ, नुसतं किड्यांना खुणावण्यासाठी: सूर्यफूल, टिथोनिया, कॉसमॉस या गटात.

चूक होते ती इथे: पट्टी अर्ध्यातून तुटते, तळ गुच्छातच राहतो आणि लोक लिहितात "किंजल नाही". निदान तीन-चार पट्ट्या काढून बघा, आणि ज्या नुकत्या उमलल्यात अशाच घ्या.

## पायरी ५: फूल उलटं करा

मागची हिरवी पानासारखी छदं मोजायची नाहीत, आधी त्यांची मांडणी बघायची. एका रांगेत आहेत, दोन रांगांत आहेत, की कौलांसारखी एकावर एक चढलेली बऱ्याच रांगांत?

सोनकीत मुख्य छदं एकाच रांगेत, सारख्या लांबीची, कडेला कड लावून उभी असतात आणि तळाशी दोन-चार अगदी बारकी छदं वेगळी दिसतात. ही खूण इतकी पक्की आहे की मागचा एक स्वच्छ फोटो असेल तर सेनेसिओ वंश तेवढ्यावरच जवळजवळ ठरतो. खुरासणीत बाहेरची साधारण पाच छदं रुंद, हिरवी, पानासारखी. नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसमध्ये दोन वेगळे थर, बाहेरचा अरुंद हिरवा आणि आतला रुंद, पातळ. सूर्यफुलात दोन-तीन रांगा, रुंद, केसाळ, टोक लांब ओढलेलं.

## पायरी ६: उभा छेद, आणि सर्वात जास्त चुकणारी गोष्ट

नव्या ब्लेडने फूल वरून देठापर्यंत बरोबर मधोमध उभं कापा. करवतल्यासारखं घासत कापू नका, एका ओढीत कापा, नाहीतर मधली फुलं चिरडतात. अर्धा भाग काळ्या कागदावर ठेवा.

आता जिथे सगळी छोटी फुलं बसलीत तो तळ बघा. तो सपाट आहे की फुगीर, हे एक. आणि दुसरं, खरं महत्त्वाचं: प्रत्येक छोट्या फुलाच्या बाजूला एक पातळ, कोरडी पट्टी उभी आहे का? तिला आपण तूस म्हणूया. सूर्यफूल, टिथोनिया, खुरासणी, कॉसमॉस, कंबरमोडी, व्हर्बेसिना या सगळ्यांत तूस असतं. सोनकीत नसतं, तळ उघडा असतो. म्हणजे या एका गोष्टीवर सूर्यफुलाचे जवळचे नातलग एका बाजूला आणि सोनकी दुसऱ्या बाजूला पडते. पिवळा रंग सारखा, आकार सारखा, पण कुळातलं नातं लांबचं, हे इथे डोळ्यांना दिसतं आणि मला हीच पायरी सगळ्यात आवडते.

पण गोंधळही इथेच होतो, कारण अजून एक गोष्ट अशीच उभी दिसते, बीच्या डोक्यावरचे केस किंवा काटे. त्याला पिच्छ म्हणतात. तूस आणि पिच्छ यांची अदलाबदल झाली की सगळी ओळख उलटी होते. फरक कळायला भिंगापेक्षा चिमटा जास्त कामाचा:

एक बिंबफूल चिमट्यात धरून सावकाश वर ओढा. फुलाबरोबर, खालच्या कोवळ्या बीच्या डोक्याला चिकटून जे आलं ते पिच्छ. जे तळावरच उभं राहिलं, किंवा शेजारून वेगळं निघालं, ते तूस. तूस बीच्या बाहेर असतं आणि पुष्कळदा बीला अर्धवट मिठी मारून बसलेलं असतं, पिच्छ बीच्या टोकावर, पाकळीच्या नळीभोवती असतं.

तपासा: हे निदान पाच फुलांवर करा, काही कडेची, काही मधली. सूर्यफुलात पिच्छ म्हणजे जेमतेम दोन बारीक खवले असतात आणि धक्का लागला की गळून पडतात, मग लोक "पिच्छ नाही" लिहून मोकळे होतात. काळा कागद त्यासाठीच ठेवला होता, गळालेले खवले त्याच्यावर दिसतात. सोनकीचं पिच्छ बघताना मात्र मधलंच फूल घ्या, कडेच्या किरणफुलावर भरवसा ठेवू नका.

## पायरी ७: एक बिंबफूल, नीट

ही पायरी ओळखीपेक्षा समजण्यासाठी जास्त. गुच्छातली फुलं कडेकडून मध्याकडे उमलत जातात. म्हणून एकाच गुच्छात सगळ्या अवस्था एका वेळी मिळतात: कडेची जुनी, मध्याची कळीत.

मधल्या पट्ट्यातलं एक फूल घ्या, जिथे गडद रंगाची नळी वर आलेली दिसतेय. ती परागकोशांची नळी, पाच केसरांचे परागकोश एकमेकांना चिकटून झालेली. पराग आत सांडतात आणि खालून वाढत येणारी किंजल त्यांना वर ढकलत बाहेर आणते, तोवर तिचे फाटे मिटलेले असतात. ही नर अवस्था. नंतर फाटे उघडतात, वळतात, ती मादी अवस्था, आणि ती तुम्हाला थोड्या बाहेरच्या रांगांत दिसेल. फुलं आधी नर आणि मग मादी होतात, त्यामुळे त्याच फुलाचा पराग त्यालाच लागण्याची शक्यता कमी होते. खुरासणी तर स्वतःच्या परागावर बी धरतच नाही म्हटलं तरी चालेल, तिला मधमाशा लागतात, म्हणूनच फुलोऱ्यातल्या खुरासणीवर फवारणी केली की बी भरत नाही. बांधावर उभं राहून हे शेतकऱ्याला दाखवता आलं तर जरूर दाखवा.

ज्यांना फक्त नाव हवंय त्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. पण सोडू नका.

## पायरी ८: बी

सुकलेल्या गुच्छातून बाहेरच्या बाजूच्या बिंबफुलांची पिकलेली बी घ्या. मधलं हिरवट, पोचट बी घेऊन लांबी मोजली तर आकडा चुकतो.

खुरासणीचं बी काळं, चकचकीत, साधारण तीन ते पाच मिलिमीटर, डोक्यावर काहीच नाही. कारळ्याची चटणी घरात होत असेल तर डब्यातलं बी शेजारी ठेवून ताडून बघा, तेच आहे. सोनकीचं बी बारीक आणि डोक्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुपका. कॉसमॉसचं बी लांब, चोच काढलेलं, टोकाला दोन-तीन काटे, कपड्याला अडकतं. कंबरमोडीचं पिच्छ पिसासारखं फाटे फुटलेलं. टिथोनियाच्या बीवर दोन ताठ काटे आणि त्यांच्यामध्ये छोटे खवले. व्हर्बेसिनाच्या बिंबफुलांच्या बीला दोन्ही बाजूंना पातळ पंख, एकदा दिसले की शंका राहत नाही.

सूर्यफुलाचं बी सगळ्यांना माहीत आहे. रस्त्याकडेला एकटं उगवलेलं सूर्यफूल बरेच फाटे करतं, फुलं लहान येतात, म्हणून कोणी "हे अमेरिकेतलं जंगली सूर्यफूल" असं म्हणतं. घाई करू नका. खऱ्या जंगली हेलिॲन्थस ॲन्यूअसला खूप फाटे, भरपूर लहान फुलं आणि शेतातल्या बीपेक्षा बरंच बारीक बी असतं हे खरं, पण शोभेच्या वाणांनाही फाटे फुटतात आणि कुपोषित झाडाचंही फूल लहानच राहतं. आपल्याकडे तरी आधी "सांडलेलं पीक किंवा बागेतलं वाण" हेच धरा.

## पायरी ९: आता जुळवा

सगळ्या नोंदी समोर ठेवा आणि याच क्रमाने विचारा.

१. चीक आणि सगळ्या पट्ट्याच? पाथरीचा गट, इथेच थांबा.

२. तळावर तूस नाही, छदं एका रांगेत, पिच्छ पांढरे केस, पानं एकाआड एक? सेनेसिओ. नाशिकच्या डोंगरावर, पावसाळ्यात, उघड्या उतारावर असेल तर बहुतेक सोनकी, सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस. पण याच वंशातल्या सेनेसिओ एजवर्थीसारख्या दुसऱ्या जातीही सह्याद्रीत आहेत, त्यामुळे पानांवर कोळिष्टकासारखी पांढरी लव दिसली तर "सोनकी" लिहायच्या आधी दोनदा बघा.

३. तूस आहे आणि किरणफुलात किंजल आहे? मग बी बघा. डोकं बोडकं तर खुरासणी, गुइझोटिया ॲबिसिनिका. पिसासारखं पिच्छ आणि एका लांब दांड्यावर एकच लहान, फिकट फूल तर कंबरमोडी, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स.

४. तूस आहे, किरणफूल वांझ? फुलाखालचा देठ फुगीर-पोकळ तर टिथोनिया, त्यातही पिवळं फूल आणि कापलेलं पान तर डायव्हर्सिफोलिया, शेंदरी-लाल फूल तर रोटंडिफोलिया. पानं बारीक चिरलेली, बी चोचीचं, तर कॉसमॉस सल्फ्यूरियस. देठ भरीव, छदं रुंद केसाळ, पिच्छाचे दोन खवले लगेच गळणारे, तर सूर्यफूल.

५. बीला पंख? व्हर्बेसिना. तिचं किरणफूल कधी मादी, कधी वांझ निघतं, म्हणून तिला ३ किंवा ४ मध्ये शोधत बसू नका, थेट बी बघा.

एक खूण जुळली आणि बाकीच्या तीन नाही जुळल्या, तर ती एक खूण चुकीची वाचली गेली असं समजा आणि मागे जा. जुळत नसलेली नोंद दुरुस्त करून जुळवून घेणं हा सर्वात वाईट प्रकार, तो अजिबात करू नका.

## पायरी १०: नमुना दाबून ठेवायचा असेल तर

परवानगीने घेतलेला नमुना त्याच दिवशी दाबा. पिशवीत रात्रभर ठेवला की किरणफुलं गुंडाळतात, मग ती कधीच सरळ होत नाहीत.

फांदी अशी घ्या की तिच्यावर खालची पानं, वरची पानं, कळी, फूल आणि सुकलेला गुच्छ असं सगळं येईल. लहान झाड असेल आणि आजूबाजूला मुबलक असेल तरच मुळासकट घ्या. वर्तमानपत्रावर मांडताना एक पान उलटं करा, एक फूल तोंड वर, एक तोंड खाली, आणि एक उभं कापलेलं ठेवा. टिथोनिया किंवा सूर्यफुलासारखा जाड गुच्छ असेल तर त्याच्याभोवती घडी केलेल्या कागदाची गादी द्या, नाहीतर गुच्छावर सगळा दाब येतो आणि पानं सुरकुततात.

पहिला कागद २४ तासांत बदलाच, त्यानंतरही काही दिवस रोज. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसाळी हवेत हे टाळलं तर बुरशी ठरलेली. कागद ओलसर वाटत असतील तर इस्त्रीने कागद कोरडे करा, वनस्पतीवर इस्त्री फिरवू नका, आणि प्लास्टिकमध्ये तर कधीच गुंडाळून दाबू नका.

तपासा: देठ मोडून बघा. लवला तर अजून ओल आहे, कट्कन मोडला तर वाळलं. गुच्छ सर्वात शेवटी वाळतो, पानं वाळली म्हणून काढू नका.

वाळल्यावर साधारण ४२ गुणिले २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवा, सुटलेलं बी छोट्या कागदी पाकिटात घालून त्याच कागदावर लावा. या कुळातल्या गुच्छांना भुंग्यांची कीड फार लवकर लागते, म्हणून चिकटवायच्या आधी नमुना घट्ट बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत ओली होते.

खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: तारीख, गाव, तालुका, जीपीएस, समुद्रसपाटीपासूनची उंची, जागा कशी होती, झाडाची उंची, फुलाचा रंग, वास, चीक होता का, आणि कोणी गोळा केलं. रंग, वास आणि उंची वाळलेल्या नमुन्यात उरत नाहीत, ते फक्त चिठ्ठीत राहतात. "नाशिक" एवढंच ठिकाण लिहू नका. नाशिक शहर साधारण ६०० मीटरवर आणि ब्रह्मगिरीचा माथा त्याच्या दुपटीहून उंच, दोन्हीकडची झाडं वेगळी.

## पायरी ११: पडताळा

नाव ठरलं की छापील यादीत ते बघा. नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींची यादी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये पुस्तकरूपात काढली आहे, आणि त्यांचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, पुण्यात आहे. कॉलेजच्या बॉटनीच्या सरांमार्फत विचारलंत तर नमुना ताडून बघायचा मार्ग निघू शकतो. जुन्या पुस्तकांत सोनकीचं नाव सेनेसिओ ग्रॅहमी असं सापडेल, ती वेगळी जात समजू नका, तेच झाड आहे. वेडेलियाचंही तसंच, आता ते स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा या नावाखाली बघा.

ॲप वापरायला हरकत नाही, पण पायरी ९ झाल्यावर, आणि त्याला मागचा आणि बाजूचा फोटो द्या. ॲपने एक नाव आणि तुमच्या नोंदींनी दुसरं नाव दिलं तर तूस, पिच्छ आणि छदं परत बघा, त्या तीन गोष्टी ज्याच्या बाजूने आहेत ते नाव ठेवा.

आणि बी मिळालं नाही, जुना गुच्छ सापडला नाही, तर चिठ्ठीवर "सेनेसिओ, जात ठरलेली नाही" किंवा "टिथोनिया, बी बघायचं बाकी" असंच लिहा. जागा वहीत आहेच, तीन-चार आठवड्यांनी त्याच ठिकाणी जाऊन पिकलेला गुच्छ बघा आणि मग चिठ्ठी पूर्ण करा.